फोटो साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही!



आपल्या पाड्यापाड्यांवर पुन्हा कागद येऊ लागले आहेत. वनहक्काचा दावा अपात्र झाल्याचे कागद. नावं वेगळी, गट वेगळे, पण कारण सगळ्यांवर एकच छापलेलं: उपग्रहाच्या फोटोत १३ डिसेंबर २००५ च्या आधीची शेती दिसत नाही, म्हणून दावा नामंजूर. संपलं. दंडाच्या पावत्या जोडल्या होत्या, त्यांचं काय झालं ते लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांचे जबाब होते, ते वाचले की नाही त्याचा पत्ता नाही. ग्रामसभेचा ठराव होता, त्याचं नावसुद्धा नाही.

शेतावर कुणी आलं नाही. बांध कुणी पाहिला नाही. कचेरीत कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला आणि आज्या-पणज्याच्या घामावर लाल रेघ मारली.

आमचं म्हणणं आधीच सरळ सांगतो. उपग्रहाशी आमचं भांडण नाही. आम्ही शाळा शिकलेली पोरं आहोत, मोबाईल आमच्याही खिशात आहे. जमिनीवर काय बदललं, कुठलं जंगल गेलं, कुठं नवीन उभं राहिलं हे वरून बघता येतं, आणि ते बघायलाच पाहिजे. पण फोटो हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष घ्या, त्याची उलटतपासणी करा, ती बाकीच्या साक्षींच्या शेजारी ठेवा. निकाल द्यायला त्याला बसवू नका. हे आम्ही पदरचं बोलत नाही. कायद्यात लिहिलं आहे.

कायदा काय सांगतो

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले आणि ६ सप्टेंबर २०१२ ला त्यात सुधारणा झाली. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. ती प्रत्येक वनहक्क समितीने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे, वनखात्याच्या चौकशीचे अहवाल, पट्टे, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या. घर, झोपडी, जमीन सपाट केल्याच्या खुणा, बांध. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा. वंशावळ. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाब. उपग्रहाचा फोटो या यादीत आहे, पण कुठं? नकाशे आणि कागदपत्रं यांच्या रांगेत, एक पुरावा म्हणून. त्याच नियमात पुढं सांगितलं आहे की दावा ठरवताना एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे.

एवढ्यावर कुणाला कळलं नाही म्हणून २०१२ च्या सुधारणेत नियम १२ अ मध्ये स्पष्टच लिहिलं: उपग्रहाचा फोटो आणि बाकीचं तंत्रज्ञान हे दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, त्या पुराव्याच्या जागी नाही. भाजीत मीठ घालतात, मिठाची भाजी करत नाहीत. इतकी साधी गोष्ट आहे.

शेजारच्या गुजरातमध्ये हेच घडलं होतं. तिथं हजारो दावे फोटोच्या नावाखाली बाजूला सारले. लोक हायकोर्टात गेले. ३ मे २०१३ ला गुजरात हायकोर्टाने सांगितलं की नुसत्या उपग्रहाच्या फोटोवर दावे फेटाळता येणार नाहीत, नियमातले बाकीचे पुरावे बघावे लागतील, आणि फेटाळलेले दावे पुन्हा तपासा. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या कागदावर तीच ओळ येते. म्हणजे नियम माहीत नाही असं नाही. नियम अडचणीचा आहे म्हणून फोटो पुढं केला जातो.

उपग्रहाला किती दिसतं?

लोकांना वाटतं, वरून सगळं दिसतं. मुंगी पण दिसते. साहेब पण तसंच बोलतात. म्हणून हे नीट समजून घेऊ.

उपग्रहाचा फोटो म्हणजे चौकटी-चौकटीचं गोधडीसारखं कापड. एक चौकट, एक रंग. त्या चौकटीच्या आत काय काय आहे ते वेगळं दिसत नाही, सगळं मिसळून एकच रंग येतो. चौकट केवढी, त्यावर सगळा खेळ.

१९७२ साली अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्याची एक चौकट साधारण ८० मीटर लांब, ८० मीटर रुंद. आपल्या हिशोबाने दीड एकर! आजोबांच्या काळातली शेती त्याच्या फोटोत शोधायला गेलात तर अख्खा प्लॉट एका ठिपक्यात बुडतो. पुढं १९८४ नंतरच्या लँडसॅटची चौकट ३० मीटरची, म्हणजे नऊ गुंठे. आपल्या देशाचा नियमित कामाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह १९८८ साली गेला. १९९५ च्या उपग्रहापासून ज्या कॅमेऱ्याचे फोटो जंगल मोजायला सगळ्यात जास्त वापरले गेले, त्याची चौकट साडेतेवीस मीटरची. साडेपाच गुंठ्यांच्या आसपास.

आता आपला माणूस. वीस गुंठे नागलीचा तुकडा, डोंगराच्या उतारावर वाकडातिकडा. साडेतेवीस मीटरच्या फोटोत तो चार चौकटीसुद्धा भरत नाही. त्या चारही चौकटींच्या कडेला झाड, दगड, ओहोळ मिसळलेला. मधे एक मोहाचं आणि दोन ऐनाची झाडं, कारण आपण शेतातलं मोहाचं झाड तोडत नाही. फोटोत जो रंग येतो तो शेताचाही नसतो आणि रानाचाही नसतो. त्याच्यावर कचेरीतला माणूस "जंगल" असं लिहितो. शेत तिथं होतंच. चौकट मोठी पडली.

बारीक दिसणारे फोटोही आहेत, ते लपवायचं कारण नाही. मे २००५ मध्ये आपल्याच देशाने कार्टोसॅट-१ सोडला. त्याची चौकट अडीच मीटरची, म्हणजे तीन खाटा मावतील एवढी. त्यात बांध दिसू शकतो, घर दिसतं. मग आमचा प्रश्न असा: आमच्या दाव्यासाठी कोणता फोटो वापरला? अडीच मीटरचा की साडेतेवीस मीटरचा? कोणत्या तारखेचा? कागदावर काहीच लिहिलेलं नाही. ज्या साक्षीदाराचं नाव माहीत नाही, तो किती लांब उभा होता ते माहीत नाही, कधी बघितलं ते माहीत नाही, त्याच्या साक्षीवर कुठल्या कोर्टाने जमीन काढून घेतली आहे?

पावसात आंधळा

दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल. आपलं पीक कधी उभं असतं? मिरगानंतर पेरणी, आषाढ-श्रावणात लावणी, दसऱ्याच्या आगेमागे वरई कापणीला येते, दिवाळीपर्यंत नागली. म्हणजे शेत हिरवं असतं तेव्हा डोक्यावर ढग. नेहमीचा कॅमेरा ढगातून बघू शकत नाही. ढगाआरपार बघणारे रडारचे उपग्रह असतात, पण दाव्यांच्या कामाला येणारे फोटो बहुतेक साध्या कॅमेऱ्याचे.

म्हणून स्वच्छ फोटो मिळतात ते पाऊस सरल्यावर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. तेव्हा आपल्या शेतात काय असतं? कापून नेलेल्या पिकाची धसकटं, गुरं सोडलेली, गवत वाळलेलं. बाजूचं रानही वाळकं, पानगळ झालेलं. दोन्ही तपकिरी. १३ डिसेंबर ही कायद्यातली तारीख, आणि डिसेंबरात डोंगरावरचं शेत कापून मोकळं झालेलं असतं. पीक खळ्यात असताना शेताचा फोटो काढायचा आणि म्हणायचं, पीक दिसत नाही!

त्यात हे उपग्रह साधारण सकाळी साडेदहाच्या सुमाराला वरून जातात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सह्याद्रीतल्या उभ्या डोंगराची मागची बाजू त्या वेळी सावलीत असते. त्या सावलीत कुणाची शेती असेल तर फोटोत नुसता काळा डाग. काळ्या डागाला शेती म्हणता येत नाही, तसं जंगलही म्हणता येत नाही. पण कागदावर मात्र "शेती नाही" असं पक्कं लिहून येतं.

ओसाड म्हणजे सोडलेली नव्हे

वरकस जमिनीची रीत आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग जमीन थकते. तिला दोन-चार वर्षं विसावा द्यायचा, तोवर दुसरा तुकडा कसायचा. विसाव्यातल्या जमिनीवर गवत येतं, झुडपं येतात, करवंदीची जाळी वाढते. पुन्हा पाळी आली की साफ करून पेरायची. उतारावरची पातळ माती टिकवायची ही रीत आहे. एका जागी दरवर्षी नांगर घातला असता तर माती केव्हाच ओढ्यात गेली असती.

आता कुणाचा तुकडा २००५ साली विसाव्यात होता. फोटोत झुडपं दिसली. शेरा: शेती नाही. तोच तुकडा २००८ ला पेरला. नव्या फोटोत शेत दिसलं. शेरा: नवीन अतिक्रमण! दोन फोटो ताडून बघितले, बदल सापडला, आणि त्या बदलाचा अर्थ न विचारता आम्हाला चोर ठरवलं. बदल खराच झाला होता. पण तो जंगलाच्या नाशाचा नव्हता, पाळीचा होता. हे फोटो सांगू शकत नाही. गावातलं दहा वर्षांचं पोर सांगू शकतं.

इथंही कायदा आपल्या बाजूने आहे. नियम १२ अ म्हणतो की कसण्यासाठीच्या जमिनीत आळीपाळीने पडीक ठेवलेली जमीन, गुरं बांधायची जागा, खळं, पीक साठवायची जागा आणि झाडांची शेतीसुद्धा धरायची, कायद्यातल्या मर्यादेत. झाडांची शेती हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या पट्ट्यात कितीतरी कुटुंबांनी प्लॉटवर आंबा-काजूची वाडी लावली. पाणी डोक्यावर वाहून कलमं जगवली. आता वरून त्या वाडीत झाडं दिसतात, आणि झाडं दिसली की शेती नाही! झाड लावलं तरी जमीन जाणार आणि झाड नाही लावलं तरी जमीन जाणार, तर आदिवासीने करायचं काय?

जंगलाची व्याख्या कुणासाठी?

डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण संस्था आहे. १९८७ पासून ती देशाच्या जंगलाचा अहवाल काढते, साधारण दर दोन वर्षांनी, उपग्रहाच्या फोटोंवरून. तिची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, जिथं झाडांच्या माथ्यांनी दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाकलेली आहे, ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, हे बघायचं नाही. म्हणजे फळबाग, बांबू, निलगिरीची लागवड, सागाचं रोपवन, सगळं वनाच्छादन.

याचा परिणाम बघा. ऐन, मोह, हिरडा, बेहडा, कुसुम असलेलं मिश्र रान तोडलं आणि त्या जागी सागाच्या सरळ रांगा लावल्या. काही वर्षांनी सागाचे माथे जुळले की अहवालात जंगल जसंच्या तसं! कंद गेले, रानभाजी गेली, मोहाची फुलं गेली, ओढा आटला, पण हिरवा रंग कायम. दुसरीकडे एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. त्याहून लहान मोकळा तुकडा त्या नकाशात वेगळा दाखवतच नाहीत. आपल्यातल्या बहुतेकांचे प्लॉट अडीच एकरांपेक्षा लहान. मग तशा नकाशात आपलं शेत दिसलं नाही याचा अर्थ काय? काहीच नाही. बैल ज्या तराजूवर मोजतात त्यावर सोनं तोलून "वजन भरत नाही" म्हणायचं, तसली ही गोष्ट.

उपग्रहाला सागाचं रोपवन आणि देवराई यातला फरक सहज कळत नाही, हे आपण समजू शकतो. माणसाला तो कळतो. ज्याला कळतो त्याला विचारायचं नाही, असं ठरवणारा उपग्रह नसतो. तोही माणूसच असतो.

२००२ साल विसरू नका

आणखी एक बाजू आहे, ती कुणी बोलत नाही. ३ मे २००२ रोजी केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं की नियमात न बसणारी अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. त्यानंतर देशभर जंगलपट्ट्यात लोकांना उठवलं, महाराष्ट्रातही उठवलं. झोपड्या मोडल्या, पिकात गुरं घातली, कसत्या जमिनीत चर आणि रोपांचे खड्डे खणले. लोक लढले म्हणूनच पुढं २००६ चा कायदा आला, आणि त्या कायद्याने स्वतःच कबूल केलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला.

आता विचार करा. २००२-०३ ला ज्याच्या शेतात खड्डे खणून रोपं लावली, त्याच्या शेताचा २००५ चा फोटो काय दाखवणार? खड्डे आणि रोपं. जमीन हिसकावल्याची खूण तीच जमीन कधीच कसली नव्हती याचा पुरावा म्हणून आमच्यापुढं ठेवली जाते! अशा ठिकाणी गाव काय सांगतं, दंडाच्या पावत्या काय सांगतात, वनखात्याचं स्वतःचं दप्तर काय सांगतं, हेच बघावं लागेल. ज्या खात्याने १९७८ च्या आधीपासून आमच्याकडून दंड घेतला, त्याच्याच पावतीवर आमचं नाव आणि जागा लिहिलेली आहे. पावती फाडताना आम्ही दिसत होतो, फोटोत मात्र दिसत नाही?

"माणूस खोटं बोलतो, फोटो बोलत नाही"

आपल्याला हे वाक्य ऐकवतात. त्यात एक खरी गोष्ट आहे, ती मान्य करू. खोटे दावे होतात. काही ठिकाणी पैशावाल्यांनी आदिवासींच्या नावावर अर्ज घातले. काही ठिकाणी २००५ नंतर नवी झाडं तोडून जागा धरली. असे लोक आपल्या लढ्याला बट्टा लावतात, आणि आपल्याच रानाला कुऱ्हाड लावतात. त्यांची बाजू ही संघटना घेणार नाही.

पण खोटा कोण हे ओळखायला सगळ्यात चांगली जागा कुठली? ग्रामसभा. कोण कधीपासून कुठं नागली पेरतो हे अख्ख्या पाड्याला ठाऊक असतं. म्हणून तर कायद्याच्या कलम ६ ने दावे घ्यायची आणि तपासायची सुरुवात ग्रामसभेकडे दिली. ग्रामसभेला शंका आली तर तिने फोटो मागवावा, शेतावर उभं राहून ताडून बघावा. ही पद्धत खोट्याला पकडते आणि खऱ्याला वाचवते. कचेरीत बसून फोटो बघितला तर खोटा आणि खरा दोघंही एकाच लाल रेघेखाली जातात, आणि त्यातला पैशावाला वकील लावून सुटतो.

आणि फोटो बोलत नाही हे तर खरंच. फोटो मुका आहे. त्याच्या वतीने कुणीतरी बोलतो. ही चौकट जंगल, ती चौकट शेत, असं ठरवतं कॉम्प्युटरपुढं बसलेलं माणूस, किंवा त्या माणसाने शिकवलेलं कॉम्प्युटर. त्या माणसाने खुरासणीचं पिवळं शेत कधी बघितलं आहे का? राबासाठी फांद्या छाटलेलं ऐनाचं झाड त्याला माहीत आहे का? ज्यांना हे काम नीट येतं तेही सांगतात की फोटोवरून केलेला नकाशा जमिनीवर जाऊन तपासल्याशिवाय पक्का धरायचा नसतो. आम्ही वेगळं काय मागतो? तेच मागतो. या, शेतावर या.

उपग्रह नकोच, असं म्हणणाऱ्या आपल्या साथींना

आपल्यातलेही काही जण चिडून म्हणतात, हे यंत्र सरकारचं, त्याला हात लावायचा नाही. त्यांची चीड आम्हाला कळते. पण यंत्र टाकून दिलं तर ते दुसऱ्याच्या हातात राहतं, आणि आपल्याविरुद्धच चालतं.

गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, सागबारा-डेडियापाडा भागात, गावातल्या आदिवासी पोरांनी जीपीएसचं यंत्र हातात घेऊन शेताच्या कडेकडेने चालत आपापली जमीन मोजली. तो नकाशा उपग्रहाच्या फोटोवर बसवला. मग दिसलं की जिथं शेती नाही म्हणतात तिथं बांध आहेत. तोच फोटो लोकांचा साक्षीदार झाला. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आपल्या जंगलाची हद्द, बांबू, पाणी यांचा हिशोब गाव स्वतः ठेवतं. हिशोब ज्याच्या हातात, जंगल त्याच्या हातात.

आज परिस्थिती बदललेली आहे. लँडसॅटचे जुने फोटो २००८ पासून कुणालाही फुकट मिळतात. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो फुकट मिळतात, त्यांची चौकट दहा मीटरची, म्हणजे बरोबर एक गुंठ्याच्या जवळपास, आणि काही दिवसांआड नवा फोटो. इस्रोचं भुवन मोबाईलवर उघडतं. गूगल अर्थवर काही ठिकाणी जुन्या वर्षांचे बारीक फोटो बघता येतात. तालुक्याच्या कॉलेजात जाणारं आपलं एक पोरगं, एक पोरगी महिन्याभरात हे शिकू शकते.

मग आपणच वर बघू. खाणीसाठी किती रान गेलं? रस्त्याच्या आणि रेल्वेच्या कामात मंजुरीपेक्षा जास्त जागा तर घेतली नाही ना? धरणाच्या भिंतीवर किती डोंगर पोखरला? भरपाईचं वनीकरण केलं म्हणतात, ते कुठं आहे, आणि कुणाच्या कसत्या जमिनीवर केलं? मिश्र रान तोडून साग कुठं लावला? आमच्या अर्ध्या एकरावर डोळे वटारून बघणाऱ्या उपग्रहाला शेकडो एकरांचा खड्डाही दिसतो. तो खड्डा कागदावर का येत नाही, हा प्रश्न आपण त्याच फोटोच्या आधाराने विचारू शकतो. कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. राखायचं तर बघावं लागतं. खालूनही आणि वरूनही.

धोका अजून टळलेला नाही

१३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं होतं की ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढा. देशभरात दहा लाखांहून जास्त दावे फेटाळलेले होते. त्याच आदेशात भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाने पाहणी करून अतिक्रमणाची स्थिती दाखवायला सांगितलं. देशभरातल्या आदिवासींनी आवाज उठवला आणि २८ फेब्रुवारीला त्या हकालपट्टीला स्थगिती मिळाली. दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले ते सांगा, असं कोर्टाने राज्यांना विचारलं.

हा प्रश्न आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. फोटो बघून फेटाळले, एवढंच उत्तर असेल तर ती पद्धत बेकायदा आहे. पण हे सिद्ध करायला प्रत्येक गावाकडे आपला कागद पाहिजे. नुसता राग कोर्टात चालत नाही.

आता गावागावात काय करायचं

पहिलं, अपात्रतेचा कागद आला की तारीख लिहून ठेवा. निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करायचं. उपविभागीय समितीने फेटाळला तर जिल्हा समितीकडे. उशीर झाला तर कारण देऊन आणखी ३० दिवस मागता येतात. तोंडी "बघू" म्हणून परत पाठवलं तर लेखी मागा, पोच घ्या.

दुसरं, माहिती अधिकारात पाच गोष्टी मागा: कोणत्या उपग्रहाचा फोटो, कोणत्या तारखेचा, चौकट किती मीटरची, त्यावर जंगल आणि शेत कुणी ठरवलं, आणि जमिनीवर तपासणी कधी व कुणासमोर केली. फोटोची प्रत रंगीत मागा. काळी-पांढरी झेरॉक्स म्हणजे काजळ फासलेला आरसा.

तिसरं, दोन फोटो ताडून बदल दाखवला असेल तर दोन्ही एकाच हंगामाचे आहेत का ते बघा. ऑक्टोबरचा आणि मार्चचा फोटो शेजारी ठेवला तर अख्खं जंगल नाहीसं झाल्यासारखं दिसतं. पानगळीला कुणी जंगलतोड म्हणू नये.

चौथं, म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. कोणत्या वर्षी कोणता तुकडा पेरला, कधी ओसाड ठेवला, चतुःसीमा काय, गावदेव कुठं, विहीर कुणी खणली. अंगठ्याचा ठसा, वनहक्क समितीची सही, तारीख. फोटो दहा वर्षांनीही मिळेल, आजी मिळणार नाही.

पाचवं, प्रत्येक ग्रामसभेने दोन तरुण नेमावेत, त्यात एक मुलगी हवीच. जीपीएसने शेतं आणि सामूहिक जंगलाची हद्द मोजायची. झाडाखाली आणि दरीत यंत्र पाच-दहा मीटर चुकतं, म्हणून एकाच कोपऱ्याला दोन-तीन वेळा नोंद घ्यायची आणि शेजाऱ्याला बरोबर ठेवायचं. नाहीतर यंत्राच्या चुकीवरून भावाभावात भांडण.

सहावं, दावा निकाली निघेपर्यंत कुणीही जमीन सोडायची नाही. कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वननिवासीला जमिनीवरून काढता येत नाही. गार्ड खड्डे खणायला आला तर पाडा गोळा करा, कलम दाखवा, पंचनामा करा. हात उचलू नका आणि शेतही सोडू नका.

आणि समित्यांकडे आपली मागणी एकच आहे, ग्रामसभेचा ठराव करून ती पाठवा: फक्त फोटोवर फेटाळलेला प्रत्येक दावा परत ग्रामसभेकडे पाठवा, आणि फोटो घेऊन आमच्याबरोबर शेतावर चला. सकाळी या. आम्ही बांध दाखवू, विहीर दाखवू, मोहाचं झाड कुणाच्या आजाने राखलं ते सांगू. फोटोतली चौकट आणि पायाखालची जमीन दोन्ही शेजारी ठेवून बघू. जे खरं असेल ते लिहा. खऱ्याला आम्ही घाबरत नाही.

या पावसाच्या आधी प्रत्येक पाड्यावर बैठक झाली पाहिजे. हा अंक वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवा आणि पुढच्या पाड्यावर द्या.

कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं जंगल!
ग्रामसभा जिंदाबाद!